करदोड्याखाली दोन बोटं

रेल्वेच्या वसाहतीत तापाचे दिवस आले की आधी नळावरचा आवाज कमी होतो. बादल्या तेवढ्याच असतात, त्यांच्यामागच्या बायका कमी होतात. कुणी गोधडीत असते, कुणी गोधडीतल्या माणसाच्या उशाशी. आज सकाळी माझ्यापुढे दोघीच होत्या. माझी घागर भरली, वाहायला लागली, तरी मी तिच्याकडे बघत उभी. कितव्या खोलीत कोण निजलंय ते मनात मोजत होते. मागची बाई म्हणाली, "दीदी, घडा कबका भर गया." मी घागर उचलली. किती खोल्या झाल्या ते विसरले, म्हणून घरी येऊन पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

ही झाशी. माझं गाव गिरणेच्या काठी, भडगावहून चालत अर्ध्या दिवसावर. आमचे मालक भुसावळच्या इंजिनांच्या शेडमध्ये होते, तिथून बदली होऊन आम्ही इकडे आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. इथली बोली वेगळी, भाकरीचं पीठ वेगळं, वांगं भाजलं तरी त्याला आमच्याकडच्या भरताची चव नाही. ताप मात्र दोन्हीकडे एकाच सुमाराला येतो. पाऊस मागे फिरतो, डबक्यांतलं पाणी निवळून दिसायला चांगलं होतं, दुपारी ऊन टोचतं आणि पहाटे पाय आपोआप पोटाशी जातात, तेव्हा. आमच्याकडे याला हिवाचे दिवस म्हणत. कापूस फुटू लागलेला, ज्वारीत दाणा भरत आलेला आणि माणसं भर उन्हात तीन-तीन वाकळा घेऊन कुडकुडत पडलेली.

त्याच दिवसांत आमच्या गुलाबाई बसत. भादव्याच्या पुनवेला मातीची गुलाबाई मांडायची ती थेट कोजागिरीपर्यंत. गल्लीतल्या पोरी दिवेलागणीला टिपऱ्या घेऊन जमायच्या, गाणी म्हणायच्या, शेवटी खिरापत ओळखायची. पहिल्या दिवशी आम्ही अकराजणी असायचो. मग नऊ. मग सहा. खिरापत मात्र सगळ्यांच्या वाट्याची यायची. उरलेली आम्ही खायचो. त्याचं तेव्हा काही वाटत नसे. उलट जास्त मिळालं म्हणून बरं वाटायचं.

माझी माय शिकलेली नव्हती, पण तिच्याजवळ एक माप होतं. पोरांच्या कमरेचा काळा करदोडा. दर रविवारी न्हाऊ घातलं की ओल्या अंगावरच ती दोऱ्याखाली बोट घालून बघायची. एक बोट जेमतेम गेलं तर पोर ठीक. दोन गेली तर ताटात लक्ष ठेवायचं. तीन गेली तर कानबाईला हात जोडायचे. माझा धाकटा भाऊ भिका. त्याच्या आधीची दोन राहिली नाहीत म्हणून याचं नाव भिका. तो दीड वर्षाचा असताना त्याला हगवण लागली आणि दोरा कमरेवरून घसरून मांडीवर आला. मायने त्याला मऊ भात, ताक आणि सुंठेवर धरून ठेवलं. महिन्याने दोरा पुन्हा कमरेला बसला. माप खरं ठरलं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

माय गेली तेव्हा मी दहाची, भिका तीनचा. आजारपणात एकदा एवढंच म्हणाली, "त्याना दोरा देखत जाय वं." बाकी तिने मला काही सांगितलं नाही. सांगण्याइतका वेळ आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. माझी शाळा तिसरीच्या पुस्तकात मध्येच थांबली. मास्तर चांगले. ते म्हणाले, "पुस्तक राहू दे तुझ्याकडे." ते मी पुढे चुलीपुढे बसून पुरं केलं. आज हे चार शब्द लिहिते आहे ते त्या पुस्तकाच्या जोरावर. ऱ्हस्व-दीर्घाची भीती अजून जात नाही. पण पुस्तक राहू दे म्हणणारा माणूस भेटला नसता तर भीती वाटण्याएवढंही हातात काही नसतं.

भिका सात वर्षांचा झाला त्या भादव्यात एका रविवारी त्याच्या दोऱ्याखाली माझं बोटच जाईना.

मी पुन्हा घालून पाहिलं. करंगळी घालून पाहिली. दोरा पोटात रुतून त्याचा वळ उठलेला. मला इतका आनंद झाला की मी त्याला ओल्या अंगाचाच ओट्यावर नेऊन शेजारच्या जनामावशीला दाखवला. मावशीने त्याच्या पोटावर थोपटलं, नगारा वाजवतात तसं.

"तुना भाऊ आंगे लागना वं! तुनी माय पाह्यजे व्हती देखाले."

"ताप येतो अधूनमधून," मी म्हटलं.

"ताप कोनले नही? पोट देख ना त्यानं."

बाजाराच्या दिवशी मी त्याला घेऊन करीमचाचांकडे गेले. करीमचाचा पटवेकरी होते. करदोडे, गोंडे, गळ्यातले दोरे वळायचे. गावातल्या बहुतेक पोरांच्या कमरा त्यांना पाठ होत्या. मी म्हटलं, "चाचा, लांब दोरा द्या. आधीचा पुरत नाही आता." त्यांनी भिकाला जवळ ओढला. मला वाटलं कमर मोजतील. त्यांनी त्याचा दंड अंगठा आणि बोटाच्या कड्यात धरला. कड्यात जागा उरली.

"पेट मत देख, बेटी. दंड देख."

मला राग आला. चार वर्षं मी त्या पोराला सांभाळत होते, आणि पहिल्यांदा काही चांगलं दिसत होतं. मी फणकाऱ्याने म्हटलं, "दोरा द्यायचाय की नाही?"

ते हसले. वीतभर जास्तीचा दोरा कापून म्हणाले, "ले. पहलवान है तेरा भाई."

नवा दोरा बांधला. एक बोट बरोबर जाईल एवढा. त्या आठवड्यात मी निवांत झोपले.

मग तापाचे डॉक्टर आले. ते साथीचे नव्हते, टोचणारेही नव्हते. गावोगाव जाऊन शाळेतल्या पोरांची पोटं चाचपायची आणि कोणत्या गावाला किती हिव लागलंय ते ठरवायचं, एवढंच त्यांचं काम. आमच्या गावावरून कालव्याचा पाट गेला होता. आबा, म्हणजे माझे वडील, त्याच पाटावर पाटकरी होते. कुणाच्या शेतात कधी पाणी सोडायचं ते बघायचे. पाटाला पाणी आल्यापासून ऊस आला आणि हिवही वाढलं असं म्हातारी माणसं म्हणायची. आबांना ते आवडत नसे.

मी शाळेच्या दाराशी उभी राहून पाहिलं. पोरांना सदरे वर करून रांगेत उभं केलं होतं. डॉक्टर एकेकाला बाकावर निजवत, गुडघे वर घ्यायला सांगत आणि डाव्या बरगडीखाली बोटं ठेवून म्हणत, "श्वास घे. मोठा. हसू नको." पोरं हसायचीच. गुदगुल्या होत. बरगडीखाली काही लागलं की डॉक्टर आकडा सांगत. शेजारी कारकून तो लिहून घेई. "दोन बोटं. एक. नाही. तीन बोटं." भिकाच्या वेळी डॉक्टर थांबले. हात आणखी खाली नेला. मग म्हणाले, "चार."

भिका धावत घरी आला. आबा जेवायला बसले होते.

"आबा, माले चार मियनात! बठ्ठास्मा जास्त!"

आबांनी घास खाली ठेवला. "कितीमधले चार?"

ते काही त्याला माहीत नव्हतं. पाटलाच्या पोराला दोन मिळाले आणि तो रडला, एवढं माहीत होतं. दिवसभर गल्लीत पोरं एकमेकांना आपापली बोटं सांगत होती. ज्यांना काहीच मिळालं नव्हतं ती गप्प होती.

दुपारी डॉक्टरांनी आबांना बोलावलं, मागे मी गेले. ते हळू आणि नीट बोलत. म्हणाले, पोटात डावीकडे पानथरी असते. हिवाचा ताप परत परत आला की ती सुजते. तुमच्या मुलाची बरगडीखाली चार बोटं उतरली आहे. त्याचं पोट मोठं दिसतं ते तिच्यामुळे. मग हिवावरच्या कोयनेलच्या गोळ्यांची पुडी दिली. "रोज एक. ताप गेला तरी रोज. दिवाळी होऊन महिना उलटेपर्यंत. पोरगी शहाणी दिसते, तिच्याकडे द्या."

मी शहाणी दिसते असं त्याआधी कुणी म्हटलं नव्हतं. गोळ्या मी मायच्या कुंकवाच्या करंड्यात ठेवल्या. तो रिकामाच होता.

आता नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं इथेच आहे. त्यांनी सांगितलेलं मला कळलं होतं. पोट सुजेमुळे मोठं आहे, कळलं. गोळी रोज द्यायची, कळलं. पण सूज उतरली की करदोड्याचं काय होईल, हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांना करदोड्याचं काय माहीत असणार! त्यांची बोटं बरगडीखाली होती, माझी दोऱ्याखाली. दोघंही बोटांनीच मोजत होतो.

गोळी कडू. भिका तोंड घट्ट मिटून घ्यायचा. मी नाक दाबून, गुळाचा खडा दाखवून घालायची. आठ दिवसांत ताप थांबला. पण तो म्हणू लागला, "अक्का, कानमा घुं घुं करस." जेवणावरून मन उडालं. कळण्याची भाकरी त्याला फार आवडायची, तीही अर्धी टाकायचा. आणि एका रविवारी न्हाऊ घालताना दोऱ्याखाली माझी दोन बोटं गेली.

पुढच्या रविवारी तीन.

दोरा कमरेवरून सुटून खाली आला. पोट खपाटीला गेलेलं, बरगड्या मोजता येत होत्या. दीड वर्षाचा असतानाचा भिका मला दिसला, तोच मांडीवर घसरलेला दोरा. ताप नव्हता म्हणजे हे करणारं दुसरं काय होतं? घरात नवीन फक्त ती गोळी होती. मी कुणाला विचारलं नाही. आबा पाटावर, आणि मी तर शहाणी. करंड्याचं झाकण लावलं आणि तो वर, मायच्या लुगड्यांच्या गाठोड्यात ठेवला. त्याला तूप चोपडून भाकरी दिली, यावलकडून आलेली केळी दिली. कानातला आवाज थांबला. तो जेवू लागला. दिवाळीच्या अभ्यंगाला दोरा थोडा वर सरकलेला. मला हायसं वाटलं.

दिवाळीनंतर ताप परतला. एक दिवस आड, दुपारी, बैल दावणीला येतात तसा वेळेवर. तेव्हा करंडा काढावा असं मनात आलं होतं. ते खोटं सांगणार नाही. पण त्याच वेळी दोरा पुन्हा घट्ट होत होता, आणि मला दोरा घट्ट हवा होता. जनामावशीने पोटावर बिब्ब्याचे ठिपके दिले. आबा भडगावच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपतो म्हणाले. गाडी जुंपायच्या दिवशी त्याचं अंग तापलं ते निवेना. हाक मारली तर बघेना. ऐन दुपारी, दारात कापसाचं गाठोडं पडलेलं असताना, तो गेला.

आबांनी विळ्याने दोरा तोडला. तसं करतात. दोरा जमिनीवर पडला आणि गोल झाला. मी तो उचलला नाही.

मला रडू आलं नाही. बायका म्हणाल्या, पोरीला रडवा, नाहीतर छातीत बसेल. मी चूल पेटवली. मामांना पत्र लिहायचं काम माझ्याकडेच आलं, घरात लिहिणारी मीच. अशा पत्रावर वर श्री घालत नाहीत, ते मी घातलं नाही. भिका वारला असं लिहिलं. पोस्टकार्डावर अजून जागा उरली होती. हाताला सवय होती तसं खाली लिहून टाकलं, बाकी सर्व खुशाल. कार्ड गेलं. त्याबद्दल मला कुणी कधी बोललं नाही. अजूनही गावाहून आबांचं पत्र येतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, आणि त्यात शेवटी तेच तीन शब्दांचं समाधान असतं. मी ते वाचते आणि त्यातून काहीही कळत नाही.

पुढच्या वर्षी हिवाच्या दिवसांत डॉक्टर पुन्हा आले. तीच शाळा, तोच बाक. कारकुनाने मागच्या वर्षीची वही उघडून नावं वाचली. भिकाच्या नावाला मास्तर हळूच म्हणाले, "तो नाही आता." डॉक्टरांनी आबांकडे पाहिलं. "गोळ्या दिल्या नव्हत्या?"

"दिन्यात ना, साहेब. रोज," आबा म्हणाले. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मी घरी गेले, करंडा घेऊन आले आणि टेबलावर ठेवला. त्यांनी झाकण काढलं. गोळ्या पिवळट पडल्या होत्या, कडेला कुंकू लागलेलं.

"मी बंद केल्या," मी म्हटलं.

"का?"

"दोरा सैल झाला म्हणून."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. एक बोट, दोन बोटं, तीन बोटं. मायचं सांगितलं. आबा माझ्याकडे बघत होते. मी टेबलावर चढलेल्या एका मुंगीकडे बघत होते. ती करंड्याला वळसा घालून जात होती. आता हे ओरडतील असं वाटलं, आणि ओरडले तर बरं होईल असंही वाटलं.

डॉक्टर उठले. मग रांगेतल्या एका पोराचा सदरा वर करून त्यांनी स्वतःचं बोट त्याच्या करदोड्याखाली घातलं. घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मला म्हणाले, "बाळ, पुन्हा एकदा सांग. सावकाश." कारकुनाला म्हणाले, "लिहून घे."

संध्याकाळी त्यांनी गावच्या बायकांना देवळापुढे बोलावलं. तसं आधी कधी केलं नव्हतं. म्हणाले, "गोळी चालू असताना पोराचा करदोडा सैल पडेल. भिऊ नका. पानथरी उतरतेय म्हणून तो सैल पडतोय. गोळी बंद करू नका. तब्येत बघायची तर दंड बघा." भिकाचं नाव घेतलं नाही. माझं घेतलं नाही. बायकांनी माना डोलवल्या. जनामावशी माझ्या कानाशी म्हणाली, "या डाक्टरले आपला दोरा कसा काय माहीत व्हयना वं?" मी म्हटलं, "कोण जाणे."

घरी आल्यावर आबांनी पाय धुतले. मला म्हणाले, "भाकर टाक." त्याच आवाजात, रोजच्या. नंतर कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मी त्यांचे उपकार मानते. डॉक्टरांचेही मानते. ते मला ओरडले नाहीत, समजूतही घातली नाही. माझं बोलणं त्यांनी लिहून घेतलं आणि दुसऱ्या पोरांसाठी वापरलं. त्या वर्षी गल्लीतल्या किती करंड्यांची झाकणं त्यामुळे उघडी राहिली ते मला माहीत नाही. मोजायला गेले नाही.

आता इथल्या दवाखान्यात पोरांना काट्यावर बसवतात. मिसबाई वजन करते, जीभ बघते, काखेत तापाची काच ठेवते आणि कार्डावर लिहून देते. मला ती फार आवडते. पण कार्ड हातात आलं तरी मी दिनूचा दंड अंगठ्याच्या कड्यात धरून बघते. दिनू माझा धाकटा, सहाचा. मिसबाई हसते. म्हणते, "हमारे काँटे पर भरोसा नहीं?" भरोसा आहे. माझ्या हातावर नाही. पोराला बघून लोक म्हणतात, काय गुटगुटीत आहे, आणि माझा हात त्याच्या दंडाकडे जातो. रोडावला म्हणतात, तेव्हाही जातो.

या श्रावणापासून दिनूला ताप येत होता. दवाखान्यात बरगडीखाली दोन बोटं लागली. लढाई चालू आहे, कोयनेल मिळेनासं झालंय. जे आहे ते पलटणींना जातं म्हणतात. कंपाउंडरने मालकांना ओळखीवर गोळ्यांची एक छोटी बाटली दिली. म्हणाला, पुन्हा मागू नका. रोज एक गोळी दिनूला देते आणि किती उरल्या ते बाटली हलवून बघते.

दिनूच्या कमरेला करदोडा आहे. का बांधला, मला विचारू नका. नको बांधू असं ठरवलं होतं. तो चालायला लागला तेव्हा एका रविवारी माझ्या हातांनीच बांधला.

आज रविवार. नळावरून आले, पाणी तापवलं, त्याला न्हाऊ घातलं. ओल्या अंगावर दोऱ्याखाली बोट घातलं. मग दुसरं. दोन बोटं आरामात गेली आणि दोरा खाली कमरेच्या हाडावर येऊन टेकला. याचा अर्थ मला माहीत आहे. गावच्या बायकांना तो माझ्याच तोंडून गेलेल्या शब्दांत सांगितला गेला होता. बाटली फळीवर होती, तिचं बूच काढलेलं होतं, तरी माझा हात आधी त्या बुचाकडे गेला. ते बसवायला.

"आई, थंडी वाजतेय," दिनू म्हणाला.

मी त्याला पंच्यात गुंडाळलं. बूच खाली ठेवलं, गोळी काढली, गुळाचा खडा काढला.

"कडू आहे," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

त्याने गिळली. दोरा मी तसाच सैल राहू दिला.